एक खाली, एक वर

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचे इतके कायदे पाळणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. राहायला अंबडला. अंबडात मासा म्हणून मिरवावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे मत्स्योदरी देवीची टेकडी. तिचा आकार माशासारखा आहे म्हणतात. बाकी मासा बघायचा तर आठवडी बाजारात, बर्फाच्या चुऱ्यावर निजलेला. अशा गावात कोर्टातून निवृत्त झाल्यावर, लोक ज्या वयात गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसतात त्या वयात, दाजींनी पाण्याखाली श्वास रोखून भाल्यानं मासा मारायची विद्या शिकायला घेतली. आणि शिकायला घेतली म्हणजे अशी की पहिलं वर्षभर त्यांनी भाल्याला हातसुद्धा लावला नाही.

हे नीट समजायचं तर दाजींची नोकरी समजायला हवी. ते बेलीफ होते. कोर्टाचं समन्स घेऊन माणसाच्या दारात जायचं, ते त्याच्याच हातात द्यायचं आणि सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे त्यांचं काम. बाकीचे बेलीफ दाराला कागद चिकटवून चहाला जायचे. दाजी म्हणायचे, समन्स दाराला नसतं, माणसाला असतं. एका खेड्यात एकाच नावाचे तीन जण निघाले, तिघांच्या बापांची नावंही एकच. दाजी पारावर बसून राहिले, तिघांच्या आज्यांची नावं काढली, शेवटी बांधाच्या भांडणात ज्याच्या कपाळाला खोक पडली होती त्याचं कपाळ पागोट्याखाली तपासलं आणि मग कागद पुढे केला. त्या माणसानं सही करता करता त्यांना जेवायला बसवलं. ते जेवले, पण आपला डबा उघडून. ज्याच्यावर समन्स बजावलं त्याच्या घरचं खायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो कुठल्याही कायद्यात नाही. दाजींच्या आयुष्यातले निम्मे नियम असेच, सरकारला ठाऊक नसलेले.

तर त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, बँकेच्या नोकरीत मालवणला गेली. दिवाळीत दाजी आणि अक्का तिच्याकडे गेले. तिथे एका सकाळी दाजी खडकावर बसले असताना पाण्यातून एक तरुण बाहेर आला. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, पायात रबरी पंख, हातात भाला आणि भाल्याला एकच मासा. दाजींनी विचारलं, इतका वेळ खाली होतास तर बाकी मासे नव्हते का? तो म्हणाला, पुष्कळ होते, पण ओळखीचे नव्हते. ज्या माशाची जात सांगता येत नाही, जो अजून लहान आहे, जो आज खाऊन संपणार नाही, त्याच्यावर भाला उचलायचा नाही, असं त्याला त्याच्या शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. दाजी तिथेच विरघळले. अंबडला परतल्यावर मला म्हणाले, "मेव्हणे, जाळं म्हणजे अख्ख्या गावाला समन्स काढल्यासारखं. याच्यात कसं, नाव बघून बजावणी."

उरलेली सुट्टी त्यांनी त्या तरुणाच्या मागे मागे काढली. तिथल्या सागरी अभयारण्याची हद्द कुठून कुठे, कोणत्या महिन्यात मासे अंड्यावर असतात, कुठे कुणाची परवानगी लागते, हे सगळं मत्स्य खात्याच्या कचेरीत जाऊन उभ्या उभ्या विचारून आले. तिथल्या साहेबाला म्हणे आधी वाटलं की हा माणूस तपासणीला आलाय. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. एक नियम मात्र दाजींच्या काळजात रुतून बसला. पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं, आणि दोघांनी एकदम खाली जायचं नाही. एक खाली असला की एक वर, आणि वरच्यानं खालच्यावरची नजर काढायची नाही. खालचा वर आला, हसला, बरा आहे म्हणाला, तरी काढायची नाही. कारण श्वास रोखून वर आलेला माणूस बुडतो तो खाली नाही, वर आल्यावर, दोन श्वास घेतल्यावर, सगळं ठीक आहे असं वाटत असताना. हे मला त्यांनी लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर, जिथे भेटतील तिथे सांगितलं.

अक्काला हे खूळ पसंत नव्हतं, आणि तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आमची दोन्ही घरं बौद्ध. दाजी रोज सकाळी आंघोळ करून बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पहिलंच शील प्राण्याची हिंसा न करण्याचं. अक्का म्हणाली, "सकाळी पाणातिपाता म्हणायचं अन् दुपारी भाला परजायचा. तुमची जीभ तरी कशी वळती?"  दाजी सावकाश म्हणाले की, मासा आपण आजही खातो, मारतो दुसराच कुणीतरी, आणि आपण हात धुऊन ताटावर बसतो. "मला एकदा तरी माझ्या नावावर घेऊन बघायचंय. मंग खावा का न्हाई ते ठरवीन." त्या दिवसापासून घरात मासा कमी शिजू लागला, हे मी जेवायला गेल्यावर पाहिलं.

मग श्वासाचा अभ्यास सुरू झाला. तो अर्थात कोरड्यावर, बसून. पाण्यात एकट्यानं करायची मनाई होती. अंबड ते जालना एसटीत खिडकीशी बसून दाजी डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि श्वास धरायचे. एकदा कंडक्टरनं गाडी थांबवून कांदा शोधला. एकदा शेजारच्या बाईनं त्यांच्या पायातली चप्पल काढून नाकाला लावली. आम्ही कुटुंबासह जांब समर्थला गेलो होतो, तर दाजी देवळाबाहेरच्या कट्ट्यावर असेच बसलेले. मी नारळपाणी घेऊन येतो तो काय, परगावची दोन म्हातारी माणसं त्यांच्या पायाशी डोकं ठेवून बसलेली. दाजींना उठताही येईना आणि श्वास सोडताही येईना. शेवटी फुस्स करून त्यांनी श्वास सोडला, तेव्हा म्हाताऱ्यांनी तो प्रसाद म्हणून चेहऱ्यावर घेतला. दाजी पुढे कित्येक दिवस या गोष्टीनं अस्वस्थ होते. खोट्या नावानं कुणाचा नमस्कार स्वीकारला असं त्यांना वाटत होतं.

त्यानंतर शिशाचा पट्टा आला. शरीर पाण्यात खाली जावं म्हणून तो कमरेला बांधतात, आणि त्यातली गोम अशी की संकट आलं तर तो एका हातानं, न बघता, क्षणात सोडून द्यायचा. पट्टा गेला तरी चालेल, माणूस वर आला पाहिजे. दाजींनी ही सवय हाडात मुरवायची ठरवली. ते घरात पट्टा बांधून वावरायचे आणि अक्कानं कधीही, कुठूनही हाक मारली की पट्टा सोडायचे. अक्का चहाला हाक मारी, धाडकन शिसं फरशीवर. नळ आला म्हणून हाक मारी, धाडकन. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू त्यांच्या म्हाताऱ्या आईला गावी ठेवून आले. शेवटी अक्कानं दाजींना हाक मारणंच सोडलं. ती समोर जाऊन उभी राहायची आणि बोटानं दाखवायची.

आता जोडीदार हवा होता. दाजींनी पहिल्यांदा मला विचारलं. मी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करणारा माणूस. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला आईची आठवण येते. मग त्यांनी अंबडातले दोन वकील विचारले, एक तलाठी विचारला, सलूनवाला विचारला. सगळे हसले. हसला नाही तो एकच माणूस: मुजीब सर.

मुजीब सर उर्दू शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. उंचेपुरे, पांढरी मिशी, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला शिटी मारली तर त्या टोकाच्या शेळ्या रांगेत उभ्या राहाव्यात. त्यांची दाजींशी ओळख समन्समधूनच झालेली. भावाभावांत शेताचा वाद लागला होता आणि सर काही केल्या समन्स घेत नव्हते. दाजी घरी गेले की सर शेतात, शेतात गेले की सर विहिरीत. शेवटी दाजी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. सर पाण्यात पाठीवर तरंगत म्हणाले, आपन तर संध्याकाळपर्यंत वर येत न्हाई. दाजी म्हणाले, मला घाई न्हाई. सूर्य टेकडीआड जाईपर्यंत सर पोहले, दाजी बसले. मग सर थंडीनं कुडकुडत पायऱ्या चढून आले, ओल्या बोटांनी सही केली आणि म्हणाले, "बेलीफसाब, तुमच्यासारखा एक दोस्त असता तर मी भावांशी भांडलो नसतो." वाद पुढे मिटला, विहीर सरांच्या वाट्याला आली, आणि दाजींनी त्या माणसाच्या घरी न जेवण्याचा नियम निवृत्तीनंतर पहिल्यांदा मोडला. भाभींच्या हातचं जेवल्यावर तो नियम इतकी वर्षं पाळल्याची हळहळ त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती.

ही जोडी विहिरीत उतरली की बघायला माणसं यायची. दाजी शिस्तीचे, सर मर्जीचे. दाजी म्हणायचे, डुबकीआधी भराभरा श्वास घ्यायचे न्हाईत, त्यानं छातीत हवा वाढत न्हाई, फक्त शरीराची धोक्याची घंटा बंद पडते. सर म्हणायचे, मैदानावर पोरांना मी जिंदगीभर हेच करायला लावलंय. दाजी म्हणायचे, जेवढा वेळ खाली, त्याच्या दुप्पट वेळ वर विसावा. सर विसाव्यात गप्पा मारायचे, आणि गप्पा रंगात आल्या की तिथूनच बुडी मारायचे. पाण्यात माणसं आहेत हे दुरून कळावं म्हणून दाजींनी एका तरंगत्या डब्यावर लालपांढरा झेंडा लावला होता. तो लांबून पाहून शेजारचा शेतकरी धोतर सावरत धावत आला. महामार्ग झाल्यापासून आमच्या जिल्ह्यात झेंडा दिसला की जमिनीची मोजणी आली असं समजतात. त्यानं काठावरूनच भाव काय देणार म्हणून विचारलं. सरांनी पाण्यातून गंभीरपणे सांगितलं की, विहिरीतून रस्ता जाणार आहे, म्हशींनी डाव्या बाजूनं पोहायचं. तो माणूस पार तहसीलपर्यंत जाऊन चौकशी करून आला.

दुसऱ्या हिवाळ्यात भाला आला. साधाच, मागं रबराचा फास असलेला. दाजींचा दंडक असा की पाण्याबाहेर रबर ताणायचं नाही, टोक माणसाच्या दिशेला करायचं नाही, आणि दगडी विहिरीत तर भाला काढायचाच नाही, उलटून अंगावर येतो. म्हणून मासेमारीसाठी ते गावाबाहेरच्या तलावावर जाऊ लागले. तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे होता. दाजींनी त्यांच्या माणसांना गाठून परवानगी मागितली. रोहू-कटला आमचा, त्याला हात लावायचा नाही, चिलापी मात्र माजलीय ती मारा, असं ठरलं. पण दाजींचा आणखी एक नियम निघाला: पाय लांब करून आपल्याच पंखांची टोकं दिसली नाहीत, तर पाणी गढूळ समजायचं आणि माघारी यायचं. आमच्याकडचं तळ्याचं पाणी ते. महिना महिना ही दोघं स्कूटरवर भाले बांधून जायची, पाण्यात डोकं घालून बघायची आणि नाक्यावर भजी खाऊन परतायची. सर म्हणायचे, या वर्षी आपन कांद्याची शिकार जास्त केली.

अखेर एकदा पाणी निवळलं आणि सरांनी एक चिलापी मारली. हाताच्या पंजाएवढी. दाजींनी ती तडफडू न देता तिथल्या तिथे कशी शांत करायची ते करवून घेतलं. भाभींनी ती तळली आणि तिचे इतके तुकडे केले की शेजारच्या तीन घरांत वाटणी गेली. त्याच दिवशी दाजींच्याही समोर एक चिलापी आली होती. भाला नेमका लागला असता. पण तिच्या तोंडाभोवती धुरासारखी बारीक पिल्लं फिरत होती, आणि दाजींनी पाहता पाहता ती तिच्या तोंडात शिरली. दाजी वर आले आणि नळी काढून एवढंच म्हणाले की, लेकुरवाळी होती. सर त्यांना उगाच चिडवायचे, पण त्या दिवशी चिडवलं नाही.

आता खरा समुद्र. भाचीनं सगळी सोय केली, तिकिटं काढली. जाण्याच्या आधीच्या रविवारी मी अंबडला गेलो होतो, तर दोघं विहिरीवर होते. पाऊस चांगला झाला होता, विहीर तुडुंब, पाणी काचेसारखं. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलो. सरांना तळाचा दगड हातानं शिवायचा होता. ते दोनदा गेले, दोनदा अर्ध्यातून आले. दाजी म्हणाले, आता बास, घटकाभर बसा. सर बसले, पण बसल्या बसल्या ते भराभरा श्वास घेत होते हे मला वरूनही दिसलं. दाजींनी हात वर केला, तोवर ते गेलेही.

या वेळी ते बराच वेळ आले नाहीत, आणि मग आले. हातात चिखल होता. तो त्यांनी मला दाखवला, हसले, अंगठा वर केला. मला हायसं वाटलं. मी दाजींना विचारलं की जालन्याची शेवटची गाडी कितीची. दाजींनी उत्तर दिलं नाही. ते माझ्याकडे वळलेच नाहीत, सरांकडेच बघत राहिले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सरांचा हसरा चेहरा तसाच हसरा असताना पाण्याखाली सरकला. आवाज नाही, हातपाय हलवणं नाही. कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसं. दाजी एका झेपेत तिथे होते. सरांचा पट्टा सोडला, मान उचलून तोंड पाण्याबाहेर धरलं, डोळ्यांवरची काच काढली, गालावर चापट्या मारल्या आणि नावानं हाका मारू लागले. सर नाही, मास्तर नाही. "मुजीब, श्वास घे. मुजीब, श्वास घे." सरांचे ओठ जांभळे झालेले मी पाहिले. मग एक मोठी घरघर झाली, आणि ते खोकले.

आम्ही त्यांना पायरीवर आणलं, तिथून दवाखान्यात. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सोडलं. माणूस वाचला. इथे ही गोष्ट संपली असती तर ती मी किती हसत सांगितली असती.

दवाखान्याच्या दारात दाजी म्हणाले, "सर, तुमच्याबरोबर मी परत पाण्यात उतरणार न्हाई." सरांनी ते हसण्यावारी नेलं. त्यांना बहुधा लाज वाटत होती. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना कवायत शिकवली तो माणूस चारचौघांत बेशुद्ध पडला होता. म्हणून चहाच्या हॉटेलात त्यांनी त्याची नक्कल केली: मी तर आरामात तरंगत होतो, बेलीफसाबनं थापड मारून उठवलं. लोक पोट धरून हसले. गोष्ट फिरत फिरत दाजींकडे आली. आपलं श्रेय गेलं याचं दाजींना काही नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, जे झालं ते झालंच नाही असं सांगितलं, तर उद्या हा माणूस पुन्हा तेच करील आणि ऐकणारेही करतील. हे म्हणणं बरोबर होतं. दाजींचं म्हणणं नेहमी बरोबरच असतं, तीच तर अडचण.

मालवणची तिकिटं रद्द झाली. सर दोनदा घरी आले. पहिल्यांदा दाजी आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. दुसऱ्यांदा ईदला सर शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले, अक्कानं दारात घेतला, आणि सर अंगणातूनच मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, चुकी माझी होती. भर बाजारात बोलतो पाहिजे तर." दाजींनी ते ऐकलं. मला नंतर म्हणाले की, बोलू देत की बाजारात, मंग बघू. शीरखुर्मा त्यांनी खाल्ला नाही. अक्का त्या दिवशी त्यांच्यावर जशी रागावली तशी भाल्यावरूनही कधी रागावली नव्हती. "माणूस दारात येऊन चुकलो म्हणतो, अन् तुम्हाला साक्षीदार पाहिजेत," असं ती म्हणाली.

सर मग आले नाहीत. त्यांनी विहिरीवर जाणंही सोडल्याचं कानावर आलं. वर्ष उलटलं असेल, सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडकू लागलं. मुलगा नवीन जालन्यात नोकरीला होता, तो त्यांना आणि भाभींना घेऊन गेला. मी दाजींना फोनवर सांगितलं. त्यांनी कोणता दवाखाना एवढंच विचारलं. मला वाटलं, येतील. आले नाहीत. मला कधी बाजारात सरांचा मुलगा भेटायचा, मी दाजींना सांगायचो, ते 'हं' म्हणायचे.

त्या हिवाळ्यात भाचीनं हट्टानं त्यांना मालवणला नेलं. तोच तरुण जोडीदार म्हणून उतरायला तयार झाला. दाजींनी सगळं रीतसर केलं. परवानगी, हद्द, झेंडा, पट्टा. खाली गेले, आणि एका खडकाच्या कपारीशी त्यांना तांबोशी दिसली. ओळखीचा मासा, पुरता वाढलेला, लाल, समोर उभा. पाणी निवळ. रबर ताणलेलं. नियमाप्रमाणे बघायचं तर एकही हरकत उरली नव्हती. दाजींनी वर पाहिलं. तो तरुण होता, नजर लावून, जसा असायला पाहिजे तसा. आणि दाजी भाला सैल सोडून वर आले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीतून त्यांचा मला फोन आला. मी जालन्याला येऊन राह्यलो, म्हणाले, सरांच्या घरी नेता का? मी त्यांना स्टँडवरून मोटारसायकलवर घेतलं. त्यांनी बाजारातून मोसंबी घेतली, मग ती बरोबर वाटेनात म्हणून पेरू घेतले, मग दोन्ही घेतले. सरांच्या गल्लीच्या तोंडाशी मला थांबवून त्यांनी शर्टाची बटणं नीट केली.

सर खिडकीशी पलंगावर बसलेले. मिशी कुणीतरी नीट कातरलेली. दाजींना बघून त्यांचा डावा हात वर आला आणि तिथेच थांबला. भाभी म्हणाल्या, बैठो. दाजी बसले. त्यांनी एकदम तांबोशीचं सांगायला सुरुवात केली. कपार कशी होती, पाणी कसं होतं, मासा केवढा होता. सर लहान मुलासारखे ऐकत होते. सांगणं संपल्यावर मोठ्या कष्टानं त्यांनी एकच शब्द काढला, "मारा?" दाजींनी मान हलवली. नाही मारला. सरांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं आणि ते म्हणाले, "बेवकूफ." भाभीही हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

सरांना नुकतंच दुपारचं औषध दिलं होतं. त्यांचे डोळे मिटू लागले. दाजी खुर्ची पुढे ओढून खाली बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, चुकलं माझं. तुम्हाला पाण्यातून काढलं अन् काठावर सोडून दिलं. तुम्ही आल्ते तेव्हा मी बाहेर यायला पाहिजे होतं." एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं, तर सरांची मान उशीवर कलली होती. श्वास एकसारखा चालला होता. मी त्यांना हलवून उठवायला निघालो, तर दाजींनी माझा हात धरला.

चहा आला, तो आम्ही प्यायलो. सर तासाभरानं जागे झाले. दाजींनी त्यांना पेरू कापून चारला, बिया काढून. अंबडच्या गोष्टी निघाल्या, पाऊसपाण्याच्या निघाल्या. ते दुसरं बोलणं दाजींनी पुन्हा काढलं नाही. भाभी होत्या, मुलगा आला होता, नातू खोलीत बागडत होता. निघताना भाभींनी रमजानमध्ये इफ्तारीला या म्हणून सांगितलं, आणि दाजी जरूर येतो म्हणाले. मला रस्त्यात म्हणाले, त्या वेळी नीट बोलतो. रमजानच्या आधीच सर गेले. दाजी अंबडहून आले, कब्रस्तानात बाकीच्यांच्या मागे उभे राहिले, त्यांची पाळी आली तेव्हा मूठभर माती घातली, आणि परतीच्या गाडीत बसले.

त्यानंतर महिन्याभरानं असेल, दाजींचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मग म्हणाले, "मेव्हणे, डोळा लागलेल्या माणसाला ऐकू येतं का हो?"

मी म्हणालो, येतं म्हणतात.

कोण म्हणतं, कुठे लिहिलंय, कुणाच्या बाबतीत तसं झालं, हे सगळं दाजींनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. "येत असंल," एवढं म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरले. पलीकडून अक्का कुणाशी तरी बोलत असल्याचा आवाज मला बराच वेळ येत राहिला.